चावी बंद होती

१

गल्लीत त्यांना वैद्य म्हणत. ते आडनाव नव्हतं, लोकांनी चिकटवलेलं नाव होतं. गाडी चालू करून ते बॉनेट उघडत, दोन बोटं इंजिनाच्या माथ्यावर टेकत, मान जराशी कलती करत आणि डोळे मिटत. तेवढा वेळ आसपासच्यांनी तोंड बंद ठेवायचं, असा रिवाज होता. डोळे उघडले की ते रोग सांगत, आणि तो सहसा बरोबर निघे. नव्या गाड्या त्यांच्याकडे येत नसत. त्या समोरच्या मोठ्या गॅरेजमध्ये जात. तिथे त्यांचाच जुना चेला आता मालक होता, आणि गाडीला वायर जोडून दुखणं संगणकालाच विचारायची सोय होती. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं वैद्य विचारलं नसतानाही सांगत.

अलीकडे मात्र एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. ते विसरायला लागले होते. चष्मा साखरेच्या डब्यात सापडला, इथवर हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण एकदा एका गाडीचं ऑइल बदलल्यावर खालचा बोल्ट आवळायचा राहिला. गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडापर्यंत गेलं आणि मागे काळ्या तेलाचा ओघळ सोडत परत आलं. सगळी गल्ली बघत होती. चेला समोरून वाळूची पाटी घेऊन आला आणि एक शब्द न बोलता त्यानं ते तेल झाकलं. कुणी हसलं असतं तर वैद्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या आणि विषय मिटला असता. त्या वाळूनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून ते आवळलेला बोल्ट पुन्हा आवळत. घराच्या पायरीवरून मागे फिरून गॅरेजचं कुलूप बघून येत, आणि बायकोला सांगत की पाय मोकळे करून आलो.

२

अशात ती गाडी आली, दोरीला बांधून. फिकट हिरवी, गोल दिव्यांची, आता रस्त्यावर क्वचितच दिसणाऱ्या जातीची. बरोबर आलेली बाई प्रौढ, शिवणकाम करणारी. घाईत निघाली असावी, कारण मापाची टेप गळ्यात तशीच लोंबत होती आणि अंगठ्याच्या नखात कापडावर खुणा करायच्या खडूचा निळा रंग बसला होता.

"सुरू होते हो," ती म्हणाली. "पण राहत नाही. जरा वेळ छान चालते आणि मग बंद."

"कधीपासून?"

"दादा गेल्यापासून. माझे वडील. गाडी त्यांचीच."

"त्याआधी काही कुरबूर?"

"त्याआधी ती बंदच पडायची नाही," बाई म्हणाली, आणि आपण काहीतरी भलतंच बोललो अशा चेहऱ्यानं तिनं खाली पाहिलं.

ओल धरली असेल म्हणून वैद्यांनी विचारलं, "उभी कुठे असायची? उघड्यावर?"

"नाही, आत. घराला लागूनच गॅरेज आहे. त्याची आणि माझ्या शिवणाच्या खोलीची भिंत एकच."

भावाला गाडी विकायची होती. घेणारा म्हणत होता, आधी समोर चालू ठेवून दाखवा. वैद्यांनी बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाले, "किरकोळ आहे. हिच्या बहिणी मी डोळे झाकून दुरुस्त केल्यात."

समोरून चेला बघतच होता. "वस्ताद," त्यानं हाक दिली, "लागलं तर सांगा. आम्ही आहोतच."

तो चांगल्या मनानं बोलला होता. त्याचाच वैद्यांना जास्त राग आला. बाईनं दिलेल्या चावीवर खडूची निळी भुकटी लागली होती. त्यांनी ती फडक्यानं पुसली.

३

इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं. आवाज असा गोड की वैद्य क्षणभर सगळे चष्मे आणि सगळे बोल्ट विसरले. ते पुढे गेले, दोन बोटं टेकली, डोळे मिटले. इंजिन निरोगी होतं. आणि ते निरोगी असतानाच थांबलं.

वैद्यांनी डोळे उघडले. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आधी खोकतं, आचके देतं, मग जातं. हे तसं गेलं नव्हतं. बोलत्या माणसाच्या तोंडावर कुणी हात ठेवावा तसं ते गप्प झालं होतं.

पुन्हा चालू करायला ते दारापाशी आले आणि चावीकडे हात नेता नेता थबकले. गाडी आपली आपण बंद पडली तर चावी चालूच्या जागीच राहते आणि समोरच्या पट्टीवरचा लाल दिवा जळत असतो. इतकं साधं आहे ते. इथे लाल दिवा विझलेला होता. चावी उभी होती, बंदच्या जागी.

मीच केली असणार बंद, वैद्यांच्या मनात आलं. पुढे जाता जाता, सवयीनं.

त्यांनी पुन्हा चालू केली. चावी चालूच्या जागी आहे हे पाहिलं, वर तोंडानं म्हटलंही, "चालू आहे." पुढे गेले. बोटं टेकली. इंजिन गप्प झालं. परत येऊन पाहिलं तर चावी उभी आणि दिवा विझलेला.

मग त्यांनी जे केलं त्याला काम म्हणायचं तर म्हणा. कार्बोरेटर उतरवला, धुतला, बसवला. पेट्रोलचा पंप खोलला. टाकीच्या झाकणाचं भोक फुंकून साफ केलं. हे सगळे उपाय पेट्रोलचे होते आणि रोग पेट्रोलचा नाही हे त्यांच्या बोटांनी त्यांना पहिल्याच वेळी सांगितलं होतं. पण बोटांवर विश्वास ठेवायचा तर चावी कुणीतरी फिरवतंय असं मानावं लागत होतं, आणि गॅरेजमध्ये त्यांच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. म्हणजे फिरवणारे तेच. फिरवायचं आणि विसरायचं. त्यापेक्षा कार्बोरेटर धुणं सोपं होतं.

शेवटी चावीचं कुलूपच ढिलं असेल म्हणून त्यांनी ते काढून टाकलं आणि नवं बसवलं. नवं कुलूप, त्याची नवी चावी, पाकिटातून फाडून काढलेली. गाडी चालू केली. ती चालली, आणि बंद झाली.

वैद्य आत वाकले. नवी कोरी चावी उभी होती आणि तिच्या चपट्या डोक्यावर निळी भुकटी लागली होती.

त्यांनी आपली बोटं उजेडात धरून पाहिली. ग्रीसनं काळी होती.

४

बाई चौकशीला आली तेव्हा वैद्य म्हणाले, "झालंच समजा. ऐका फक्त."

त्यांनी इंजिन चालू केलं आणि पुढे जाऊन बॉनेटखाली वाकले. बाई ऐकायला थांबली नाही. आवाज सुरू होताच ती रस्त्याच्या कडेला गेली आणि गॅरेजकडे पाठ करून उभी राहिली. इंजिन बंद झालं तेव्हाच ती वळली.

नेमका चेला फोन खिशात घालत आत आला. त्यानं खिडकीतून आत पाहिलं.

"बंद का केलीत, वस्ताद? छान चालली होती."

"मी नाही केली. पडली."

"पडली कशी? चावी तर बंद आहे."

वैद्य फडक्यानं हात पुसत राहिले. बाई एकदा त्यांच्याकडे, एकदा चेल्याकडे बघत होती. चेल्याला आपलं चुकलं हे कळलं. तो वैद्यांच्या जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तब्येत बरी आहे ना? काकू सांगत होत्या, हल्ली जरा... मला म्हणाल्या, लक्ष ठेव."

म्हणजे बायकोला माहीत होतं. साखरेचा डबा, पायरीवरून मागे फिरणं, सगळं तिला माहीत होतं आणि तिनं ते समोरच्या गॅरेजात नेऊन पोचवलं होतं. वैद्यांना तिथल्या तिथे जमिनीनं पोटात घेतलं असतं तर हवं होतं. ते बाईला म्हणाले, "परवा या." आणि पाना शोधायच्या निमित्तानं गाडीखाली शिरले. पाना त्यांच्या खिशातच होता.

घरी त्यांनी बायकोला जाब विचारला. ती म्हणाली, "सांगितलं तर काय बिघडलं? तो काय परका आहे?"

"परक्याला सांगितलं असतंस तर चाललं असतं," वैद्य म्हणाले.

५

दुसऱ्या दिवशी गल्लीची साप्ताहिक सुट्टी होती. दुपारी जेवण झाल्यावर फेरी मारून येतो असं सांगून वैद्य गॅरेजवर आले. समोरचं मोठं गॅरेज बंद होतं. रस्त्यावर माणूस नव्हतं. तरी त्यांनी आत शिरून शटर पार खालपर्यंत ओढून घेतलं.

जागा लहान होती. मागच्या खिडकीला चोरांच्या भीतीनं पत्रा ठोकलेला. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये, धूर दिसत नाही, वास रोजचाच वाटतो आणि माणूस झोप लागल्यासारखा जातो, हे वैद्यांनी आजवर किती जणांना दरडावून सांगितलं होतं. शटर ओढताना त्यांना ते आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. पण पाच मिनिटांचं तर काम, असं ते मनाशी म्हणाले. अर्धवट उघड्या शटरखालून चेल्याचं डोकं आत येईल, याची धास्ती त्या धुराहून मोठी होती.

उपाय सोपा होता, आणि खरं तर लाजिरवाणा. गाड्या पळवणारे तो करतात. बॅटरीपासून ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलपर्यंत एक वायर थेट जोडायची. मग इंजिनाला चावीची गरज उरत नाही. चावी कुणी कितीही फिरवली, ते स्वतः फिरवून विसरले, तरी वायर काढेपर्यंत इंजिन चालत राहणार. उद्या बाई येईल, गाडी चालेल, चेला बघेल. बाकीचं मग पाहता येईल.

त्यांनी दोन्ही टोकांचे चिमटे लावले आणि गाडी चालू केली.

६

नेहमी जेव्हा ती बंद पडे ती वेळ आली आणि गेली. इंजिन चालत राहिलं. वैद्य बॉनेटपाशी डोळे मिटून उभे होते आणि त्यांना हसू येत होतं. पुष्कळ दिवसांनी येत होतं.

तेवढ्यात त्यांनी तो आवाज ऐकला. इंजिनाच्या आवाजाखाली, बारीक. टक्.

चावी फिरल्याचा आवाज ते झोपेतही ओळखतील. त्यांचे दोन्ही हात बॉनेटच्या कडेवर होते. काळे, दहाही बोटं समोर. ते हातांकडे बघत असतानाच पुन्हा झालं. टक्. आणि लगेच, टक् टक्.

म्हणजे मी नव्हे, हा पहिला विचार आला, आणि लाज वाटावी इतका आनंद झाला. मी विसरत नव्हतो. मग दुसरा विचार आला. मी नव्हे, तर कोण?

ते चालत जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसले. बघायचंच होतं. चावी उभी होती. ते बघत असेपर्यंत ती हलली नाही. पाय जड झाले होते. कपाळात ठोके पडत होते. काल झोप नव्हती, त्याचं असेल, त्यांनी समजूत घातली. गादी मऊ होती. कुणीतरी वर्षानुवर्षं इथेच बसून तिला खोलगट केलं होतं आणि त्या खोलात त्यांचं अंग नेमकं मावत होतं. डोळे मिटले.

टक् टक् टक् टक्.

त्यांनी डोळे उघडले, अर्धेच उघडले, तेव्हा चावीवर हात होता.

तो शेजारच्या सीटच्या बाजूनं आला होता. अंगठा आणि बोट चावी चिमटीत धरून ती फिरवत होते. बंद, परत चालू, परत बंद. जोरात, घाईघाईनं, दार उघडत नाही अशा माणसासारखं. अंगठ्याच्या नखात निळा रंग होता. फिरवून फिरवून अंगठ्याची कड सोलवटली होती तरी तो थांबत नव्हता. मनगटापाशी मापाच्या टेपचं टोक हेलकावत होतं. त्याच्या वर काय आहे हे बघण्यासाठी मान नुसती वळवायची होती. वैद्यांनी ती वळवली नाही.

इंजिन मजेत चालत होतं. ते चावीचं ऐकत नव्हतं, कारण वैद्यांनी त्याची सोय करून ठेवली होती. आणि मग डोक्यातल्या त्या जाड कापसातून एक विचार सावकाश वर आला. हिला फक्त गाडी बंद करायचीय. पहिल्या दिवसापासून ती तेवढंच करतेय.

हात चावीवरून सुटला आणि त्यानं वैद्यांचं मनगट पकडलं.

तो गार असता तर कदाचित ते तिथेच बसून राहिले असते. भुताखेताचे हात गार असतात असं त्यांनी ऐकलं होतं. हा गरम होता, घामेजलेला. जिवंत माणसाचा हात.

ते दारातून बाहेर पडले ते गुडघ्यांवरच. शटर कुठल्या बाजूला आहे हे विसरायला झालं, आणि या वेळी ते खरंच विसरले होते. मग पत्र्याचा गारवा हाताला लागला. शटर वर ढकलायला अंगात जोर नव्हता. ते वीतभर उचललं गेलं, आणि त्या फटीला तोंड लावून ते पडून राहिले.

७

शटर पुरतं उघडलं चेल्यानं. काकूंनी फोन करून त्याला घरून बोलावून घेतलं होतं, की हे गॅरेजवरच गेले असणार, जरा बघ. त्यानं वैद्यांना रस्त्यावर ओढून घेतलं, आत धावला, वायर उपटली. इंजिन थांबलं.

मागोमाग बायको आली. तिनं नवऱ्याच्या तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली. मग ती शटरकडे बघत राहिली. ठोकलेल्या खिडकीकडे, चेल्याच्या हातातल्या वायरीकडे. तिचा चेहरा बदलत गेला.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "एवढं काय झालं होतं?"

ती काय विचारतेय हे समजायला वैद्यांना वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी चेल्याकडे पाहिलं. तोही तेच समजला होता. खाली मान घालून वायर गुंडाळत होता.

वैद्यांना खरं सांगता आलं असतं. पण खरं कुठलं? हाताचं सांगितलं तर वेडा ठरणार. तुम्हा दोघांपासून तोंड लपवायला शटर ओढलं हे सांगायचं, तर त्यापेक्षा वेडं ठरलेलं परवडलं. एकच शब्द उरला होता. तो लपवण्यासाठी तर हा सगळा खटाटोप झाला होता.

"विसरलो गं," ते भर रस्त्यात बसून म्हणाले. "शटर उघडायला विसरलो."

बायकोनं डोळे मिटून श्वास सोडला. तिला तेवढं पुरलं. ओल्या रुमालानं ती त्यांचा हात पुसायला लागली आणि मनगटाशी थांबली.

"हे निळं काय लागलंय?"

"रंग असेल."

ती पुसत राहिली. निळं निघालं. त्याखाली बोटांचे लाल वळ होते. ते तिनं पाहिले, आणि रुमाल त्यांच्यावरच गुंडाळला.

८

सकाळी शिवणवाली बाई ठरल्याप्रमाणे आली. चेला वैद्यांच्या गॅरेजमध्येच उभा होता. आता तो तिथे उभा राहणार हे न बोलता ठरलं होतं.

बाईच्या अंगठ्याला पट्टी होती. वैद्य बघताहेत हे पाहून तिनं हात मागे घेतला.

"सुई लागली?" वैद्यांनी विचारलं.

"नाही. काल दुपारी मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागला. जागी झाले तर सगळं सालटं निघालेलं. कशानं ते कळलंच नाही." ती गाडीकडे बघत होती. "मग? चालू राहते का आता?"

"राहते की," चेला म्हणाला. "थेट वायर टाकली की मस्त..."

"नाही राहत," वैद्य म्हणाले. "मला नाही जमलं."

हे त्यांनी आजवर कधी म्हटलं नव्हतं.  चेल्याला वाटलं, वस्ताद कालचं सगळंच विसरले. त्याच्या चेहऱ्यावर दया दिसली. वैद्यांनी ती पाहिली आणि राहू दिली.

"वायर टाकू नका हिला," ते बाईला म्हणाले. "कुणालाही टाकू देऊ नका. बंद होतेय तर होऊ द्या."

बाईचे खांदे खाली आले. "बरं झालं," असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिची तिलाच लाज वाटली. चेला दोरी आणायला समोर गेला तशी ती वैद्यांच्या जवळ सरकली. त्यांच्याकडे न बघता बोलली, जसं काही शिलाईच्या कामाचंच बोलत असावी.

"दादा गाडीतच गेले, त्या दिवशी माझं मशीन चालू होतं. भिंतीपलीकडचा गाडीचा आवाज त्यामुळे ऐकू आला नाही. असं मी सगळ्यांना सांगते."

वैद्यांनी सदऱ्याची बाही मनगटावर ओढून घेतली. काहीतरी बोलायला हवं होतं. काल तुम्ही वेळेवर आलात, एवढंच म्हणायचं होतं. ते त्यांना म्हणता आलं नाही.

चेल्यानं आपल्या गाडीला दोरी बांधली. बाई हिरव्या गाडीत, स्टिअरिंग धरायला, ड्रायव्हरच्या जागी बसली. चावी बंद आहे हे वैद्यांनी स्वतः वाकून पाहिलं, आणि खात्रीसाठी पुन्हा पाहिलं. दोरी ताणली, गाडी हलली आणि आवाज न करता त्यांच्यासमोरून पुढे सरकली.

खिडकीच्या काचेतून त्यांना तिचा हात दिसला. तो स्टिअरिंगवर नव्हता. पट्टी बांधलेल्या अंगठ्यानं ती बंद चावी आणखी बंद करायला बघत होती. गाडी गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत ती चावी फिरवतच होती.